तिथी पाहून निघावे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण आजवर इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांवरची भाषणे ऐकत आला आहात. त्यांच्या मानाने माझा विषय आपणांस किरकोळ वाटेल. ‘सहल कशी आखावी’ असे मी चिटणिसांना कळविले, तेव्हा त्यांनीही सौम्यपणे विचारले, “मास्तर, तासभर पुरेल इतके त्यात आहे ना?” मी म्हणालो, “माझ्या हातून जेवढ्या चुका झाल्या आहेत, तेवढ्या सांगितल्या तरी तास पुरायचा नाही.” शाळेत असताना बरीच वर्षे सहलींची व्यवस्था माझ्याकडे होती. त्या अनुभवाच्या बळावर आज मी येथे उभा आहे.

सहल म्हटली की आपले मन लगेच महाबळेश्वर, काश्मीर, केरळ असे धावू लागते. तशा सहली अवश्य कराव्यात. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आपली, म्हणजे उपनगरवासीयांची, गत झाली आहे. आपल्या मुलुंडच्या पश्चिमेला जो डोंगर दिसतो, तेथून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान सुरू होते. हे रान मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. जुन्या मंडळींना ते कृष्णगिरी उपवन किंवा बोरिवलीचे नॅशनल पार्क या नावांनी ठाऊक असेल. डोंगराच्या त्या अंगाला बोरिवली, बोरिवलीच्या पश्चिमेला खाडी, आणि खाडीच्या पलीकडे मनोरी, गोराई, उत्तन ही गावे. या भूभागाला जुन्या काळापासून धारावी बेट म्हणतात. माहीमजवळची धारावी ती वेगळी. मनोरी आणि गोराई मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत, पण त्यांच्यापर्यंत लोकलची गाडी जात नाही. एक तर मढ-मार्व्याच्या धक्क्यावरून किंवा बोरिवलीच्या बाजूने होडीत बसावे लागते, नाही तर भाईंदरवरून उत्तनमार्गे लांबचा वळसा घ्यावा लागतो. मुंबईतच असून दूर, असा हा किनारा आहे.

डोंगर आणि किनारा हे दोन वेगळे विषय मी एकत्र का बांधतो, असे आपण विचाराल. मी ते बांधीत नाही. एका नदीने ते बांधलेले आहेत. दहिसर नदी या उद्यानाच्या डोंगरात उगम पावते, सुमारे १२ किलोमीटर वाहते आणि मनोरीच्या खाडीतून समुद्राला मिळते. आज मी जी सहल सुचविणार आहे ती दोन दिवसांची. एक दिवस नदीच्या उगमाकडे आणि एक दिवस तिच्या मुखाकडे. हे दोन दिवस लागोपाठच घ्यावेत असे नाही. तसे घेऊही नयेत, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

आता माझी पहिली चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी वीस-पंचवीस मुले घेऊन मी गोराईला गेलो होतो. रविवार होता, थंडीचे दिवस होते, डबे बरोबर होते, दोन शिक्षक मदतीला होते. मला वाटले, तयारीत काही उणे राहिले नाही. दुपारी खाडी काठोकाठ भरलेली होती. मुले आनंदाने होडीतून पलीकडे गेली. संध्याकाळी साडेपाचला परत धक्क्यावर येऊन पाहतो, तो पाणी कोठल्या कोठे गेलेले. समोर नुसता चिखल. होडी दूर मध्यावर उभी, आणि ती पाणी चढल्याशिवाय काठाला लागणार नाही असे कळले. मुले भुकेली, अंधार पडू लागलेला, आणि त्या काळी घरी कळविण्याचे साधन नाही. तेथे मासळीची टोपली घेऊन एक वृद्ध कोळीण बसली होती. तिने विचारले, “मास्तर, आज तिथी कुठली?” मला सांगता येईना. ती म्हणाली, “आज पुनव. पुनवेला संध्याकाळी पाणी कुठं सापडणार?” आठ वाजून गेल्यावर आम्ही खाडी ओलांडली. मुलांच्या आईबापांना मी काय उत्तर दिले ते येथे सांगत नाही.

त्या मावशींनी वाट पाहता पाहता मला एक हिशेब शिकविला. कोकणकिनाऱ्यावर तो पुष्कळांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब एकच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि पुढे तितक्याच वेळाने पुन्हा भरती. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. हा हिशेब ढोबळ आहे; अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. आज भरतीचे छापील कोष्टक मिळते आणि मोबाइलवरही वेळ पाहता येते. पण बोटावर करता येणारा हिशेब माणसाने विसरू नये.

आता याच हिशेबाने गोराईची तारीख ठरवू. पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते. पाणी खूप चढते आणि तितकेच उतरते, म्हणून संध्याकाळी खाडीत चिखल. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाण्याची चढउतार थोडी आणि ओढही कमी. भरती सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या पुढेमागे. म्हणजे आठ वाजता खाडी ओलांडावी, दुपारी पाणी उतरलेले असताना वाळूवरून हिंडावे, आणि चार-पाच वाजता, पाणी चढत असताना, परत फिरावे. माझी सहल ज्या दिवशी फसली तो दिवस रविवार म्हणून उत्तम होता. पौर्णिमा म्हणून अगदी वाईट होता. मी माझ्या घड्याळाने निघालो होतो आणि गेलो होतो समुद्राच्या घरी. ज्याच्या घरी जायचे त्याची वेळ विचारून जावे, हा शिष्टाचार आपण नातेवाइकांच्या बाबतीत पाळतो. तो डोंगराच्या आणि दर्याच्या बाबतीतही पाळावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम डोंगराचा दिवस घेऊ. मुलुंडहून पूर्वी दादरला जाऊन गाडी बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. २०१४ साली घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली. आता मुलुंडहून घाटकोपर, तेथून मेट्रोने अंधेरीच्या अलीकडे पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या स्थानकापर्यंत, आणि तेथे गुंदवलीहून दुसरी मेट्रो धरली की ‘राष्ट्रीय उद्यान’ या नावाच्याच स्थानकावर उतरता येते. उद्यान सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे. वेळा आणि शुल्क बदलत असतात. निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. सकाळी दार उघडण्याच्या सुमारास पोहोचणे सर्वांत चांगले. पाणी बरोबर घ्यावे, आणि डबा घेतला तर त्याचा कागद, पिशवी, उष्टे सारे परत घरी आणावे. हे शेवटचे मी केवळ स्वच्छतेसाठी सांगत नाही. त्याचा संबंध बिबट्याशी आहे, तो पुढे येतो.

दारापासून कान्हेरीची लेणी सुमारे ६ किलोमीटर. कृष्णगिरी या नावावरूनच कान्हेरी हे नाव झाले. काळ्या पाषाणात कोरलेली शंभराहून अधिक लेणी येथे आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास काम सुरू झाले आणि बौद्ध भिक्षूंचा वावर येथे हजार वर्षांच्या आसपास राहिला. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह आणि एक्केचाळिसाव्या लेण्यातील अकरा मुखांचा अवलोकितेश्वर सर्वजण पाहतात. मी आपणांस आणखी एक गोष्ट पाहावयास सांगेन. प्रत्येक लेण्याच्या बाजूला पाण्याचे टाके पाहा. लेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. खडकावरून वाहणारे पावसाचे पाणी बारीक पन्हळ्या खोदून या टाक्यांत वळविले आहे. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, हे या डोंगराचे वेळापत्रक. त्या माणसांनी ते आधी समजून घेतले आणि मग राहायला आले. भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहत, त्यास वर्षावास म्हणत. म्हणजे मुक्कामाची वेळसुद्धा त्यांना ऋतूनेच ठरवून दिली होती.

तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची गावे येतात. कल्याण आणि सोपारा ही त्यांतली मुख्य. सोपारा म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळचे प्राचीन बंदर. समुद्रावर व्यापार करणाऱ्यांचा पैसा डोंगरावरच्या भिक्षूंच्या निवाऱ्यास लागला. त्या काळच्या माणसाला डोंगर आणि दर्या ही दोन टोके वाटत नव्हती. लेण्यांच्या माथ्यावर चढून स्वच्छ हवेत पश्चिमेला पाहिले की खाडीपलीकडे गोराईच्या विपश्यना पॅगोडाचे सोनेरी शिखर दिसते. तो २००९ साली खुला झाला. आत खांबावाचून उभा असलेला दगडी घुमट आहे आणि त्याखाली हजारो माणसे ध्यानाला बसू शकतात. दोन हजार वर्षांच्या अंतराने एकाच बुद्धाची दोन स्मरणे समोरासमोर उभी आहेत.

आणखी एक गंमत. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ या साली पारशी मंडळी येथे येऊन गेली आणि त्यांनी आपली नावे नोंदवून ठेवली. हजार वर्षांपूर्वीची ही सहलच म्हणायची. मात्र कोणी त्यांचे अनुकरण करून भिंतीवर नाव कोरू नये. त्यांच्या लेखाला हजार वर्षांनी मोल आले. आपण खिळ्याने ओरखडलेल्या नावाला येणार नाही.

आता बिबट्या. उद्यान म्हटले की मुले पहिला प्रश्न तोच विचारतात. पिंजऱ्यातल्या किंवा कुंपणातल्या वाघसिंहांची गोष्ट निराळी. बिबट्या या रानात मोकळा राहतो. २०१५ साली रानात कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा ३५ बिबटे आढळले. २००४ साली या उद्यानाच्या कडेने बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. आपल्यापैकी काहींना ते दिवस आठवत असतील. दुसरीकडे पकडलेली जनावरे अनोळखी रानात आणून सोडणे हे अशा हल्ल्यांमागचे एक मोठे कारण आहे, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. २०११ पासून वन विभागाने नागरिकांना बरोबर घेऊन वस्त्यावस्त्यांतून माहिती देण्याचे काम सुरू केले. त्या माहितीचा सारांश अगदी साधा आहे. बिबट्याची वेळ संध्याकाळची आणि रात्रीची. ती त्याला द्यावी. मुलांना दिवेलागणीनंतर रानाच्या कडेला एकटे सोडू नये. आणि उकिरडा वाढू देऊ नये. उकिरडा आला की भटके कुत्रे येतात, आणि कुत्रा हे बिबट्याचे एक आवडते भक्ष्य. डबा खाऊन टाकलेल्या उष्ट्याचा आणि बिबट्याचा संबंध तो हा. ही गोष्ट सहलीइतकीच आपल्या इमारतीच्या मागच्या अंगणालाही लागू आहे.

या रानात पाड्यांवर वारली कुटुंबे राहतात. ती वाघोबाला पूजतात. ज्या जनावराची भीती वाटते त्यालाच देव मानून त्याची वाट सोडून चालायचे, ही त्यांची रीत. पाड्यावरून जाताना कोणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नयेत. आपल्या ओसरीवर परक्याने तसे केलेले आपल्याला चालले असते का, एवढे मनाशी विचारावे.

ऋतूचेही सांगतो. पावसाळ्यात लेण्यांचा खडक निसरडा होतो, आणि मेच्या दुपारी तो तापून तवा होतो. व्याख्यान वसंतात असले तरी सहल दिवाळीनंतर ठेवावी; कार्तिक ते माघ हे दिवस उत्तम. आणि ज्यांना धीर आहे त्यांनी एक तारीख फार पुढची लिहून ठेवावी. या डोंगरावर कारवी नावाचे झुडूप आहे. ते आठ वर्षांतून एकदा एकदम फुलते, आणि मग सारा उतार जांभळा होतो. २००८ साली ती फुलली, २०१६ साली फुलली, २०२४ साली फुलली. पुढची पाळी २०३२ ची. आज जो मुलगा दहा-अकरा वर्षांचा आहे, तो तेव्हा महाविद्यालयात असेल. कारवीला घाई करता येत नाही, आणि एकदा ती चुकली की पुन्हा आठ वर्षे थांबावे लागते.

आता किनाऱ्याचा दिवस. तारीख कशी धरायची ते सांगितलेच. म्हणूनच हे दोन दिवस लागोपाठ घेऊ नयेत असे म्हणालो. डोंगराला सूर्य पाहावा, किनाऱ्याला चंद्र. अष्टमीच्या सुमारास गेल्याचा आणखी एक लाभ आहे. येथील कोळी डोलीचे जाळे लावतात. हे लांब पिशवीसारखे जाळे एका जागी बांधून ठेवायचे आणि भरतीओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप त्यात शिरू द्यायची. उधाणात ओढ जोराची, म्हणून तेव्हा कामाची घाई. भांगात ओढ कमी, मासळी कमी. तेव्हा माणसे जाळी दुरुस्त करीत सावलीला बसलेली सापडतात आणि बोलायला त्यांना सवड असते. बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील. १ जून ते ३१ जुलै यंत्रांच्या होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ, आणि पावसाळी समुद्रात पोहायला उतरणे तर केव्हाही जिवावरचे. शांत दिसणाऱ्या किनाऱ्यावरही गुडघ्यापलीकडे पाण्यात जाऊ नये. गावकरी नको म्हणाले तर वाद घालू नये.

या गावांत कोळ्यांच्या शेजारी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे आहेत. ती येथलीच, मूळची मराठी बोलणारी माणसे. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या पन्नासाव्या वर्षी त्यांनी हे नाव धारण केले. पोर्तुगिजांची सत्ता येथे दोनशे वर्षे होती. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत धारावीचा किल्लाही मराठ्यांनी घेतला; उत्तनच्या बाजूला त्याचे अवशेष आहेत. तेथे गेल्यावर किल्ला येथेच का, हे नकाशावाचून समजते. खाडीचे तोंड ज्याच्या हाती, त्याच्या हाती वसईची पाण्याची वाट.

होडीतून जाताना दोन्ही काठांवर तिवरांची दाटी दिसते. पुष्कळांना ते निरुपयोगी झुडूप वाटते. भरतीचे पाणी पसरून थोपविण्याचे काम ते करते, आणि माशांची पिले त्याच्या मुळांत वाढतात. २००५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला. त्याच वर्षीच्या जुलैत जे घडले होते, ते या सभागृहात कोणी विसरले नसेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दुपारी समुद्राला सुमारे साडेचार मीटरची भरती होती. दहिसर, पोयसर, मिठी या नद्या आपण जो डोंगर पाहतो त्याच्याच पायथ्याच्या. डोंगरावरून पाणी खाली आले आणि भरतीने त्याची वाट अडविली. मध्ये होतो आपण. आणि नदीचे पात्र अरुंद करून, तिवरे भरून काढून, आपणच तेथे जाऊन बसलो होतो.

सहल आखण्याचा विषय मी किरकोळ मानीत नाही, तो याचसाठी. ज्याने एक दिवस नदी उगवताना पाहिली आणि एक दिवस तिला खाडीत शिरताना पाहिले, त्याला हा पूर कोणी समजावून सांगावा लागत नाही. मुलुंडची स्थितीही तशीच आहे. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि तिची तिवरे, मध्ये आपण. १८६० साली पूर्ण झालेला विहार तलाव आणि १८७९ साली पूर्ण झालेला तुळशी तलाव याच डोंगराच्या कुशीत आहेत आणि आजही शहराला पाणी पुरवितात.

जुलै २०२४ मध्ये या डोंगराखालून जाणाऱ्या दोन बोगद्यांच्या कामांची पायाभरणी झाली. एक गोरेगाव-मुलुंड मार्गावरचा आणि दुसरा ठाणे-बोरिवली. प्रवासाचा त्रास कमी होईल, आणि मीही त्यांतून जाईन. पण त्यानंतर डोंगर आपल्या वाटेत राहणार नाही. आपण त्याच्या पोटातून निघून जाऊ आणि तो दिसणारसुद्धा नाही. मग त्याची ओळख आपोआप होणार नाही. मुद्दाम ठरवून, दिवस काढूनच करून घ्यावी लागेल. ज्याची ओळख नाही त्याचे काय होते याची काळजी कोणी करीत नाही, हा माणसाचा स्वभाव आहे.

तेव्हा श्रोतेहो, घरी गेल्यावर कालनिर्णय किंवा जे पंचांग असेल ते भिंतीवरून काढा. दिवाळीनंतरचा एखादा रविवार डोंगरासाठी धरा. पुढे अष्टमीजवळ सुट्टी कोणती येते ते पाहा आणि ती किनाऱ्यासाठी धरा. तिथीची पाऊणपट करण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे द्या. माझे त्या दिवशीचे विद्यार्थी आता स्वतः आईबाप झाले आहेत. त्यांतला एकजण मध्यंतरी भेटला. शाळेत मी शिकविलेले बाकी काही त्याला आठवत नव्हते, पण म्हणाला, “सर, गोराईला मुलांना घेऊन गेलो होतो. तिथी पाहून गेलो.” मला वाटते, तेवढी शिकवणी पुरे.